बेटाला फेरी मारायचीय? आधी तिथी बघा

मागच्या अंकात बीचवरून पाण्यात ढकलता येणाऱ्या छोट्या कॅटामरान बोटींवर लिहिलं होतं, म्हणजे हॉबी १६, डार्ट १८ वगैरे, दोन हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक अंगं, आणि मध्ये ट्रॅम्पोलिन, म्हणजे बसायचं ताणलेलं कापड. त्यावर बरेच प्रश्न आले. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, क्लबातल्या लोकांनी मिळून एखाद्या बेटाला पूर्ण फेरी मारायची. त्यातले काही निवडून इथे उत्तरं देते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी आणि माझी बायको पोर्ट्समथजवळ राहतो, इथल्या एका छोट्या क्लबात डार्ट १८ चालवतो. डार्ट आणि हॉबी मिळून सात-आठ बोटी नेहमी बाहेर पडतात. या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून आइल ऑफ वाइटला एका दिवसात फेरी मारायचं ठरतंय, रेस नाही, नुसती ट्रिप. आम्ही दोघं आजवर किनाऱ्यापासून फार लांब गेलेलो नाही. जमेल का? आणि डावीकडून जायचं की उजवीकडून यावर क्लबात रोज वाद चाललेत. (एक वाचक, हॅम्पशायर)

उत्तर : दादा, जमेल. पण ते तुमच्या हातांपेक्षा तारखेवर जास्त अवलंबून आहे, तर आधी तारखेचंच बोलू.

बेटाची फेरी साधारण ५० सागरी मैलांची, म्हणजे ९० किलोमीटरच्या थोडी वर. काउजहून निघणारी मोठी रेस १९३१ पासून होते, ती हेच अंतर कापते, आधी बेटाच्या पश्चिम टोकाला नीडल्स नावाच्या खडकांकडे आणि मग बेटाला डावीकडे ठेवून पूर्ण वळसा. २०१७ साली कॉन्साइज १० नावाच्या ७० फुटी ट्रायमरानने (तीन हलची बोट) हा वळसा २ तास २२ मिनिटांत मारला होता. क्लबात कुणी तो आकडा फेकून बोलत असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा की तुमच्या ग्रुपने सरासरी आठ मैल ताशी धरली तरी खूप झाली, आणि वारा समोरून असेल तेव्हा तर पाचच धरा, कारण नागमोडी जावं लागतं आणि बोट कितीही पळाली तरी पुढे तेवढी सरकत नाही.

आता पाणी. सोलंटमध्ये, म्हणजे बेट आणि मुख्य किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात, पोर्ट्समथच्या पूर्ण भरतीच्या साधारण तासभर आधीपासून प्रवाह पश्चिमेकडे वाहायला लागतो आणि पुढे पाच-साडेपाच तास तसाच वाहतो. मग तो उलटतो आणि पूर्वेकडे. बेटाच्या मागच्या, दक्षिणेच्या बाजूलाही साधारण असंच चक्र. म्हणून काउजहून निघणाऱ्याला शेवटचा टप्पा, पूर्व टोकाच्या बेम्ब्रिजपासून काउजपर्यंत, बहुतेक वेळा उलट्या पाण्यात करावा लागतो किंवा थांबावं लागतं. तुमचा क्लब पूर्वेच्या टोकाला आहे हे तुमचं नशीब. तुम्ही पोर्ट्समथच्या साउथसी किनाऱ्याहून पश्चिमेच्या प्रवाहावर निघालात, नीडल्सच्या अलीकडे थांबलात, पाणी उलटलं की मागच्या बाजूने पूर्वेच्या प्रवाहावर बेम्ब्रिज गाठलंत आणि सरळ घरी वळलात, तर जवळजवळ सगळी फेरी पाणी तुमच्या बाजूने. म्हणजे आधी पश्चिमेकडे, बेट कायम डाव्या हाताला. वारा पक्का पूर्वेचा असेल तर परत विचार करायला हरकत नाही पण मग तारीखच बदलणं बरं.

आता तारखेचं. आपल्या कोकणातला हिशोब तुम्हाला माहीत असेल, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. मुंबई-अलिबागसाठी हा हिशोब कोळीवाड्यात पिढ्यानपिढ्या चालतो. योगायोग असा की पोर्ट्समथलाही तो ढोबळमानाने लागू पडतो, फक्त तो ग्रिनिचच्या वेळेत धरायचा आणि उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. याचा फायदा बघा, उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, तिथे भरती दुपारी बारा-एकला येते, म्हणजे तुम्ही दुपारी निघणार, पाणी जोरात धावणार आणि परतायला रात्र होणार. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी असतं, भरती सकाळी सहा-सात-साडेसातला, प्रवाह निम्म्याच्या आसपास, आणि अख्खा दिवस हातात. नेमकी मिनिटं अर्थात छापील टाइड टेबलवरूनच घ्यायची, पण कॅलेंडर उघडून जून-जुलै-ऑगस्टमधले कुठले शनिवार-रविवार उपयोगाचे हे ठरवायला पंचांग पुरतं. त्यातले दोन-तीन निवडा आणि एकावरच अडून बसू नका.

समजा भरती सकाळी सातला आहे. साडेसहा-सातला बोटी पाण्यात. नैऋत्येचा वारा असेल, आणि तिथे तो बहुतेक असतोच, तर नीडल्सपर्यंत समोरून वारा, साधारण २१ मैल, प्रवाहाची मदत धरून तीन-साडेतीन तास. या टप्प्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली मोठी जहाजं. साउथहॅम्प्टनला जाणारी कंटेनरची आणि क्रूझची जहाजं कॅलशॉट आणि काउजच्या मधे मोठं वळण घेतात आणि तिथे नियमच आहे, १५० मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर लहान बोटींनी यायचंच नाही. ग्रुप पसरलेला असेल तर एक बोट जहाजाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे अशी वेळ येते, म्हणून काउजच्या आधी सगळ्यांनी गोळा व्हा आणि बेटाच्या काठाने एकत्र पुढे जा. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १२ ऐकत राहिलात तर कुठलं जहाज कधी येतंय ते कळतं.

दुसरी गोष्ट हर्स्ट कॅसल. तिथे मैलभरही रुंदी नसलेल्या फटीतून सोलंटचं सगळं पाणी बाहेर पडतं, उधाणाला प्रवाह चार नॉटच्या (ताशी सागरी मैल) वर जातो, आणि त्याच्यापुढे शिंगल्स नावाचा गोट्यांचा उथळ बांध आहे. नैऋत्येचा वारा आणि बाहेर धावणारं पाणी समोरासमोर भिडलं की तिथे उभ्या, आखूड लाटा तयार होतात आणि छोट्या कॅटचं नाक अशाच लाटेत घुसतं. म्हणून हर्स्ट ओलांडलं की बेटाच्या बाजूला, कोलवेल किंवा टॉटलंडच्या खाडीत शिरा, बोटी वाळूवर ओढा, खा-प्या आणि पाणी शांत व्हायची वाट बघा.

खरा निर्णय इथेच, टॉटलंडच्या वाळूवर घ्यायचा असतो. इथपर्यंत काही झालं तरी पाणी उलटल्यावर सोलंटमधून आरामात मागे येता येतं. नीडल्सच्या पुढे गेलात की सेंट कॅथरिन्स पॉइंटपर्यंत १२ मैल बेटाची नैऋत्य बाजू, तिथे फ्रेशवॉटर बे सोडला तर धड आसरा नाही, ब्रूक आणि अ‍ॅदरफील्डला खडकाळ कपारी पाण्याखाली लांबवर गेलेल्या, आणि नैऋत्येचा वारा तुम्हाला त्यांच्यावरच ढकलत असतो. ही बाजू खूप सुंदर आहे, पांढरे कडे, वारा बाजूने, कॅट अशी पळते की बोलायला सुचत नाही. पण तुटलेल्या रडरची, म्हणजे सुकाणूची, बोट तिथे फार थोड्या वेळात खडकावर जाते. म्हणून टॉटलंडला प्रत्येक जोडीला विचारायचं, थकलात का, गारठलात का, बोटीचं काही ढिलं झालंय का, आणि कुणीही हो म्हटलं तर ती जोडी सेफ्टी बोटीतल्या माणसासोबत किंवा दुसऱ्या एका कॅटसोबत मागे. एकटी नाही. फोर्स ४ (मध्यम वारा) च्या वरचा अंदाज असेल तर सगळेच मागे, आणि हे आदल्या रात्री ठरवून ठेवा कारण वाळूवर उन्हात बसून, समोर नीडल्स दिसत असताना, "जाऊया की" म्हणणारा एक तरी निघतोच.

नीडल्सच्या दीपगृहाला खेटून वळू नका. १९४७ साली तिथे वार्वासी नावाची ग्रीक आगबोट आपटली, तिचे अवशेष अजून पाण्याखाली आहेत आणि रेसमध्ये जवळचा रस्ता घेणाऱ्या बोटी त्यावर आदळलेल्या आहेत. तुमची बोट उथळ असली तरी ओहोटीला रडर खाली असतातच.

सेंट कॅथरिन्सला मात्र मैल-दोन मैल बाहेरून जा. तिथे तळ उंचसखल आहे आणि पाणी जोरात असलं की वारा नसतानाही खवळतं. त्याच्या पुढे व्हेंटनर, मग सँडाउनची मोठी खाडी, तिथे वाळूचे किनारे आहेत, उतरता येतं, जीव खाली पडतो. वारा मात्र आता मागून, आणि दमलेली माणसं मागच्या वाऱ्यातच उलटतात, तर जाइब करताना, म्हणजे मागच्या वाऱ्यात शीड दुसऱ्या बाजूला नेताना, घाई नको, एकानं करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, मग पुढचा. बेम्ब्रिजच्या खडकांना बाहेरून वळसा घातला की साउथसी समोर.

तुमच्या शेवटच्या शंकेबद्दल. किनाऱ्यापासून लांब गेला नाहीत ही अडचण नाही, सलग सहा-सात तास बोटीवर बसला नाहीत ही आहे. फेरीच्या आधी काउज आणि परत असा एक दिवस करा, मग यारमथ आणि परत. त्यात कळेल तुमचा हात कुठे सोलतो, वहिनींचा ट्रॅपीझचा (तारेला लटकून बोटीबाहेर झुकायचा) हार्नेस कुठे टोचतो, आणि दोघांचं चौथ्या तासाला जमतं का.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, पन्नाशीच्या, उत्तर हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या एका बीच क्लबात हॉबी १६ चालवतो. क्लब दरवर्षी टेसल बेटाला ग्रुपनं फेरी मारतो. आम्ही कायम शेवटच्या. सगळे वाट बघत थांबतात, कुणी बोलत नाही पण आम्हाला फार अवघडल्यासारखं होतं. यंदा नाव काढून घ्यावं का? (एक वाचक, नेदरलँड्स)

उत्तर : नाव अजिबात काढू नका! आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

टेसलच्या फेरीची रेस १९७८ पासून आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या कॅटामरान रेसपैकी एक, कोर्स साधारण १०० किलोमीटर, त्यात जो तो आपला वेग बघतो आणि ते बरोबरच आहे. पण ग्रुप ट्रिपचं तसं नसतं. वारीत दिंडीचा मुक्काम सगळ्यात हळू चालणाऱ्या म्हाताऱ्या माउलीच्या पावलांवर ठरतो, तसं ग्रुपचं वेळापत्रक सगळ्यात हळू बोटीवर लिहायचं असतं. तुमच्या क्लबाचा लीडर जर मधल्या बोटीच्या वेगावर वेळ काढत असेल तर चूक त्याच्या कागदात आहे, तुमच्या हातात नाही.

आणि टेसलला तर हे फारच महत्त्वाचं. बेटाच्या पूर्वेला वाडन समुद्र, तिथला मोठा भाग ओहोटीला कोरडा पडतो, चिखल आणि वाळू. पश्चिमेला उघडा उत्तर समुद्र. दक्षिणेला डेन हेल्डर आणि बेटाच्या मधली मार्सडीपची खाडी, जिच्यातून वाडनचं पाणी आतबाहेर करतं, प्रवाह जबरदस्त आणि वर फेरीबोटींची ये-जा. म्हणजे वाडनच्या बाजूला तुम्ही पाणी भरलेलं असतानाच असायला हवं. पुढच्या बोटी भरतीला तिथून निघून गेल्या आणि तुम्ही दोघी दीड तासाने पोचलात तर तुमच्या खालचं पाणीच जाणार. मग ग्रुपला परत यावं लागेल किंवा तुम्ही चिखलात बसाल. हळू बोटीची काळजी घेणं म्हणजे तिच्यावर उपकार नाहीत, सगळा प्लॅनच त्यावर उभा असतो.

तर क्लबात हे मांडा. तुम्ही सगळ्यांच्या आधी निघायचं, अर्धा-पाऊण तास, सेफ्टी बोट सोबत. जलद बोटी मागून येऊन तुम्हाला वाटेत गाठतील, त्यांनाही पाठलागाची मजा येते. सगळ्यात अनुभवी जोडी शेवटी राहणार आणि तिच्या मागे कुणीही नसणार. बोटींच्या जोड्या लावायच्या, प्रत्येकीने आपल्या जोडीदार बोटीवर नजर ठेवायची, दिसेनाशी झाली की थांबायचं. गोळा व्हायच्या जागा आधी नकाशावर ठरवायच्या, आणि तिथे शेवटची बोट आल्यावर लगेच निघायचं नाही. हे फार जण विसरतात. पुढचे अर्धा तास बसून ताजेतवाने झालेले असतात, मागची जोडी पोचते आणि तिला पाणीसुद्धा न पिता परत निघावं लागतं, म्हणजे सगळ्यात दमलेल्यांना सगळ्यात कमी विश्रांती. शेवटची बोट पोचली की तिथून वीस मिनिटं मोजायची, हा नियम करूनच टाका.

वेगाचंही एक. तुम्ही दोघी वजनाने हलक्या असाल तर हलक्या वाऱ्यात तुम्ही मागे पडायला नको. पडत असाल तर बहुतेक तुम्ही ट्रॅम्पोलिनवर फार मागे बसताय, हॉबीचे मागचे भाग पाण्यात रुततात आणि बोट ओढल्यासारखी चालते. दोघीही पुढे सरका, वाऱ्याच्या खालच्या बाजूला एक जण. जोराच्या वाऱ्यात मात्र हलकी जोडी मागे पडणारच, तेव्हा मेनसेल (मोठं शीड) चपटं करा, ट्रॅव्हलर (त्या शिडाची दोरी बाजूला सरकवायची पट्टी) खाली सोडा आणि निवांत या. आणि एकदा क्लबातल्या एखाद्या भारी सेलरला तुमच्यातल्या एकीसोबत बसवून बघा, दुसरीने त्याच्या बोटीवर जायचं. एका दुपारी जेवढं कळतं तेवढं सीझनभर मागून बघत कळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, मुंबईत हॉबी कॅट शिकतोय. परवा बोट पूर्ण उलटी झाली म्हणे आणि तो हसत हसत सांगतोय. माझा जीव टांगणीला. हे नेहमीचं आहे का, की काहीतरी चुकतंय? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, नेहमीचं आहे. हॉबी १६ शिकताना न उलटलेला माणूस मी पाहिलेला नाही. या बोटीच्या हलचं नाक बारीक आहे, त्यात हवा कमी, म्हणून जोराच्या वाऱ्यात खालच्या बाजूचं नाक पाण्यात घुसतं आणि बोट कोलांटी मारते. ती बुडत नाही कारण दोन्ही हल बंद असतात. उलटी झाली की मुलं पाण्यात पडतात, लाइफ जॅकेटवर तरंगतात आणि बोटीला धरून राहतात. पण तुम्ही काळजी करू नका म्हणून मी थांबणार नाही, काय तपासायचं ते सांगते.

त्याला विचारा, बोट सरळ कशी केली. उत्तर साधारण असं यायला हवं : आधी दोघांनी एकमेकांना हाक मारून ठीक आहे ना बघितलं, मग शिडांच्या दोऱ्या मोकळ्या केल्या, बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, वरच्या हलवरून दोरी टाकली, खालच्या हलवर उभं राहून दोघं मागे झुकले, आणि बोट खाली येताना मधला दांडा धरला म्हणजे ती सरळ होऊन आपली आपण पळून जात नाही. बोट १४५ किलोची आहे, दोघांचं मिळून वजन साधारण १३० किलोच्या खाली असेल तर ती उठवणं खूप अवघड जातं, आणि सोळा वर्षांची दोन सडपातळ मुलं त्याच्या खालीच भरतात. तेव्हा सेफ्टी बोट जवळ असणं ही सोय नाही, गरज आहे. ती किती लांब होती हे विचारा. बोटीपासून पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही हे त्याला ठामपणे माहीत आहे का विचारा, किनारा वाटतो त्यापेक्षा लांब असतो आणि पाण्यात नुसतं डोकं कुणाला दिसत नाही, उलटी बोट दिसते. ट्रॅपीझच्या हुकात दोरी अडकली तर कापायला चाकू आहे का. आणि एक गोष्ट जमिनीवरची, तिची डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आणि बोटीपेक्षाही लांब असते, बोट उभ्या काठीसकट ओढत नेताना वर विजेची तार नाही ना हे बघायची सवय लागायलाच हवी. समुद्राइतकाच धोका तिथे आहे.

या सगळ्याची धड उत्तरं आली तर मुलाला जाऊ द्या, आणि एकदा तुम्हीही जाऊन ट्रॅम्पोलिनवर बसून या. खरंच.

प्रश्न : हॉबी १६ घ्यावी की डार्ट १८? जुनी, दोघांसाठी. (एक वाचक, लंडन)

उत्तर : तुमच्या क्लबात जी जास्त आहे ती. सुटे भाग, सल्ला आणि सोबत, तिन्ही फुकट मिळतं. क्लबात दोन्ही असतील तर लांबच्या ट्रिपसाठी मी डार्ट म्हणेन, रॉडनी मार्चनी १९७० च्या दशकात काढलेलं डिझाइन, त्यांचीच आधीची टॉर्नेडो १९७६ ते २००८ ऑलिम्पिकला होती. डार्टला बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) नाही म्हणून डोक्यात काही बसत नाही, मांडायला सोपी, लाटेत नाक कमी घुसतं. लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावरून आत-बाहेर करायचं असेल तर हॉबी. दोन्हींना खाली सेंटरबोर्ड (पाण्यात उतरणारी फळी) नाही, वाळूवर सरळ चढतात.

प्रश्न : आम्ही अलिबागचे चौघे, दोन हॉबी आहेत. आयल ऑफ वाइट वगैरे वाचून वाटतं की आपली खांदेरी-उंदेरी समोर असताना आपण का नाही? किहीमहून निघून दोन्हींना वळसा घालून यायचं डोक्यात आहे. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : हा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. करा, नक्की करा. पण तुमच्याकडे दोनच बोटी आहेत, म्हणून तिसरी इंजिनवाली बोट आणि तिच्यावर थळ-किहीमचा एखादा जाणता तांडेल हवाच. तो तुम्हाला वाचवायला हवाय असं नाही, रस्ता दाखवायला हवाय. त्या पाण्यात खडपं कुठे आहेत आणि या आठवड्यात कुणी जाळी कुठे लावलीयत हे कुठल्याच नकाशात नाही, ते त्याच्या डोक्यात आहे. डोल जाळ्यांचे खुंटे आणि दोर ओहोटीला वर येतात, त्यात रडर अडकला की हॉबी जागच्या जागी फिरते. शिवाय ती त्यांची रोजीरोटी आहे, एक दोर तुटला तर हजारोंचं नुकसान, तर आदल्या दिवशी कोळीवाड्यात जाऊन भेटा, सांगा, विचारा.

या पाण्याची ओळख किती महत्त्वाची याला इतिहासच साक्ष आहे. १६७९ साली महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारींनी खांदेरीवर तट बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजं घालून बेट वेढलं होतं, तरी आपल्या उथळ, चपळ होड्या रात्री किनाऱ्यावरून रसद घेऊन आत शिरत राहिल्या. मोठ्या जहाजांना तिथे वारा आणि खोली दोन्ही हवं होतं, आपल्या लोकांना फक्त पाणी माहीत होतं. सिद्दीने मग उंदेरी बळकावली आणि दोन्ही बेटं पुढे कित्येक वर्षं एकमेकांवर तोफा रोखून होती. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. अशा ठिकाणाला शिडाच्या बोटीने फेरी मारायची म्हणजे, मला तरी त्याहून मोठी ट्रिप सुचत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो, हलका, पाणी सपाट, त्यावर बाहेर पडा. अकरा-बाराच्या सुमाराला तो मरतो, तासभर काहीच नसतं, तेव्हा खांदेरीच्या आडोशाला राहा आणि चालू राहायची घाई करू नका. मग वायव्येचा वारा भरतो, दुपारी चांगला जोर धरतो, आणि किहीमला परत येताना तो तुमच्या बाजूने किंवा थोडा समोरून असतो. दोन्ही बेटांच्या बाहेरून, पश्चिमेच्या अंगाने खोल पाण्यातून जा, आणि परतताना उंदेरी आणि थळच्या मधून यायचा मोह झाला तर तो फक्त भरलेल्या पाण्यात आणि तांडेल हो म्हणाला तरच. तिथे खडक आहेत. पश्चिमेला फार लांबही जाऊ नका, मुंबई बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजांचा तो रस्ता आहे. म्हणजे तारीख अशी हवी की दुपारी दोन-तीनला तुमच्या खाली पाणी असेल, पाऊणपटीच्या हिशोबाने तृतीया-चतुर्थी. भरती दुपारी दोन ते साडेतीनच्या मधे. उधाण नुकतंच ओसरत असतं, पाण्याला ओढ असते, ती लक्षात ठेवा.

बेटावर उतरायचं असेल तर परवानगीची चौकशी आधी करा, दीपगृह चालू आहे आणि जागा पोर्टच्या ताब्यात आहे. न उतरताही फेरी पूर्ण होते. सागरी पोलिसांना निघताना आणि पोचल्यावर कळवा, तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३, दोन्ही प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधलेला, बोटीला नाही. बोट उलटून लांब गेली तर फोन तुमच्यापाशी हवा. चार वाजता वाळूवर, मग काहीही होवो.

प्रश्न : लांबच्या ट्रिपला बोटीवर खायला काय न्यायचं? सगळं भिजतं. (एक वाचक, पणजी)

उत्तर : भिजलं तरी खाता येईल असं न्या. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, केळी सालीसकट. गुळाची पोळी घट्ट गुंडाळून डब्यात ठेवली तर सगळ्यात मस्त, एका हाताने खाता येते आणि चिकट होत नाही. तळलेलं आणि तिखट नको, उन्हात आणि हेलकाव्यात पोट बिघडतं. पाणी माणशी किमान दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू, आणि प्रत्येक बाटली ट्रॅम्पोलिनच्या पट्ट्याला दोरीने बांधलेली. तहान लागायच्या आधी प्यायचं, दर टॅकनंतर, म्हणजे समोरच्या वाऱ्यात बाजू बदलली की, एक घोट अशी सवय लावली की विसरायला होत नाही. ज्याच्या हातात टिलर (सुकाणूचा दांडा) आहे तो पाणी प्यायला नेहमी विसरतो, त्याला पाजायची जबाबदारी क्रूची.